गर्दीतले मूल कोणाचे?

परीक्षा संपल्या की घराघरांत सहलीचा विषय निघतो. पूर्वी मुलांची सुट्टी म्हणजे मामाचे गाव, विहीर आणि आंबे. गर्दीची मौज अनुभवायची तर सप्टेंबरात वांद्र्याला मोतमाउलीच्या जत्रेला जायचे. पुढे १९८९ साली गोराईला एस्सेलवर्ल्ड सुरू झाले, २०१३ साली खोपोलीजवळ इमॅजिका आले आणि मधल्या काळात वॉटर पार्क, रिसॉर्ट व मॉलमधले खेळ जागोजागी उभे राहिले. आता कुटुंबे, आळीतील मंडळी, युवक मंडळे आणि धर्मशिक्षणाचे वर्ग बस ठरवून अशा ठिकाणी जातात. त्यात गैर काहीच नाही. मुलांनी हसावे, खेळावे, भिजावे. मात्र या आनंदाच्या पोटात एक गंभीर प्रश्न दडलेला आहे. हजारो माणसांच्या त्या गर्दीत चार-पाच वर्षांचे मूल नेमके कोणाचे असते?

"कोणाचे म्हणजे? त्याच्या आईबापाचे!" असे उत्तर आपण चटकन देऊ. उत्तर खरे आहे, पण पुरेसे नाही. थोडा विचार केला तर या साध्या प्रश्नात आपल्या जबाबदारीची, प्रामाणिकपणाची आणि शेजारधर्माची परीक्षा आहे, असे आम्हांला वाटते.

पहिली गोष्ट जबाबदारीची. मूल घरी आईसोबत एकटे असते तेव्हा सहसा हरवत नाही. ते हरवते ते आई, बाबा, मावशी, काका, आजी आणि दोन मोठी चुलत भावंडे अशी सगळी मंडळी बरोबर असताना. आईला वाटते, ते बाबांजवळ आहे. बाबांना वाटते, मावशीने हात धरला आहे. मावशी तिकिटांच्या रांगेत उभी असते. सात जणांची जबाबदारी कोणा एकाचीच राहत नाही. संत लूकच्या शुभवर्तमानातील बारा वर्षांच्या येशूची हकिकत आपण सर्वांनी ऐकली आहे. वल्हांडण सणाची गर्दी, परतीचा प्रवास, आणि मुलगा सोबतच्या लोकांत असेल असे गृहीत धरून मरिया व योसेफ एक दिवसाची वाट चालून गेले. मग नातेवाइकांत शोध, पुन्हा यरुशलेम, आणि तीन दिवसांनी मंदिरात भेट. या मातापित्याला निष्काळजी म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. तरीही "तो त्यांच्याबरोबर असेल" हा समज त्यांच्याही वाट्याला आला. मग आपली काय कथा?

यावर उपाय सोपा आहे. कोणत्याही वेळी लहान मुलाकडे पाहणारी व्यक्ती एकच असावी, आणि ती कोण हे तोंडाने बोलून ठरवावे. "आता तू बघ." "हो, मी बघतोय." एवढे दोन शब्द उच्चारल्याशिवाय जबाबदारी एका हातातून दुसऱ्या हातात गेली असे समजू नये. पाण्याच्या ठिकाणी तर हे फारच महत्त्वाचे. बुडणारे मूल सिनेमात दाखवतात तसे हात हलवून आरडाओरडा करीत नाही. बहुतेक वेळा ते काहीही आवाज न करता खाली जाते, आणि त्याला दोन-चार मिनिटेही पुरतात. गुडघाभर पाण्यातही हे घडू शकते. म्हणून ज्याची पाळी आहे त्याने तेवढा वेळ मोबाइल पिशवीत ठेवावा. फोटो दुसऱ्या कोणी काढावेत.

दुसरी गोष्ट प्रामाणिकपणाची. मोठ्या पाळण्यांच्या दाराशी उंचीची पट्टी रंगवलेली असते. अमुक सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना प्रवेश नाही. आता रांगेत अर्धा तास उभे राहिल्यावर मुलगा दोन बोटांनी कमी भरला तर काय होते? कोणी त्याला टाचा उंच करायला सांगतात. कोणी "साहेब, जाऊ द्या हो, एवढ्या लांबून आलोय," म्हणून कर्मचाऱ्याला गळ घालतात. आणि याच मुलाचे वय सकाळी तिकीट खिडकीवर एक वर्षाने कमी करून सांगितलेले असते! म्हणजे सकाळी मूल लहान आणि दुपारी मोठे. मूल हे सारे पाहत असते.

उंचीच्या त्या नियमाचा मुलाच्या धाडसाशी काहीही संबंध नाही. पाळण्यातील दांडा किंवा पट्टा विशिष्ट मापाच्या शरीराला घट्ट बसेल असा बनवलेला असतो. शरीर लहान असेल तर झटक्यासरशी मूल खालून किंवा बाजूने निसटू शकते. तेव्हा "एकदाच बसतोय, काय होणार आहे?" हा युक्तिवाद लोखंडाला कळत नाही. कोणी म्हणेल, मूल रडते, दिवसभराचे पैसे भरलेत, त्याचा विरस का करायचा? विरस होतो हे खरेच. पण "पुढच्या वर्षी तू बसशील" हे ऐकून रडणारे मूल संध्याकाळपर्यंत विसरते. नियम दुसऱ्यांसाठी असतात, आपण त्यातून वाट काढायची असते, हा धडा मात्र ते विसरत नाही. पुढे तेच मूल हेल्मेटशिवाय मोटारसायकल चालवते, तेव्हा आपण त्याला कोणत्या तोंडाने रागावणार?

पण सारा भार पालकांवर टाकणेही न्यायाचे नाही. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली आणि १२ विद्यार्थी व २ शिक्षिका बुडून मरण पावल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती आणि अनेक मुलांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हते. त्याच वर्षी २५ मे रोजी, सुट्टीतल्या शनिवारी, राजकोटच्या टीआरपी गेम झोनला आग लागली. २७ जणांचा बळी गेला, त्यांत मुलेही होती. त्या जागेला अग्निशमन दलाचा ना-हरकत दाखलाच नव्हता. या मुलांच्या आईबापांनी कितीही घट्ट हात धरला असता तरी काय झाले असते? तेथे जबाबदारी होती ती पैसे घेणाऱ्या मालकांची आणि परवानगी तपासणाऱ्या अधिकाऱ्यांची.

अशा बातम्या वाचून आपण हळहळतो, मृतांसाठी प्रार्थना करतो. ते करावेच. पण प्रार्थनेबरोबर प्रश्न विचारण्याचीही सवय लावून घ्यावी. ५० मुलांची बस नेणाऱ्या आयोजकांनी आगाऊ फोन करून विचारावे: बोटीत किती जण बसवता? प्रत्येक मुलाला लाइफ जॅकेट आहे का? बाहेर पडायचे दरवाजे किती आणि ते उघडे असतात का? पाण्याजवळ जीवरक्षक असतो का? असे विचारणे म्हणजे कोणाचा अपमान नव्हे. उत्तर नीट मिळाले नाही तर सहल दुसरीकडे न्यावी. लोक कुरकुरतील, "एवढे काय बाऊ करायचे" म्हणतील. ती कुरकुर ऐकून घेण्याची तयारी हीही सेवाच आहे.

तिसरी गोष्ट आम्हांला सर्वांत कठीण वाटते. आपण मुलांना लहानपणापासून शिकवतो, "अनोळखी माणसाशी बोलू नकोस." हेतू चांगला आहे. पण हरवलेल्या मुलाभोवती सगळी माणसे अनोळखीच असतात. मग त्याने करावे काय? कोणाशी न बोलता ते रडत पुढे चालत राहते आणि अधिकच दूर जाते. म्हणून मुलाला केवळ भीती शिकवू नये, निवड शिकवावी. हरवलास तर आहेस तेथेच थांब. गणवेशातील कर्मचाऱ्याला सांग, तिकीट खिडकीवर सांग, नाहीतर जिच्याबरोबर लहान मुले आहेत अशा एखाद्या बाईला सांग. पण कोणाबरोबरही गेटबाहेर जाऊ नकोस. आईबाबांची नावे काय, असे विचारले तर पुष्कळ मुले "मम्मी" आणि "डॅडी" एवढेच सांगतात. तेव्हा पूर्ण नावे आणि एक मोबाइल नंबर गाण्यासारखा पाठ करून घ्यावा. अगदी लहान मुलाच्या शर्टाच्या आतल्या बाजूस नंबराची चिठ्ठी पिनने लावावी. नाव मात्र बाहेर कोणाला दिसेल असे लिहू नये. आणि सकाळी निघतानाच मुलाचा एक फोटो काढावा, म्हणजे कोणत्या रंगाचे कपडे होते हे घाबरलेल्या डोक्याला आठवावे लागत नाही.

आता प्रश्न उलट बाजूने पाहू. त्या हरवलेल्या मुलासमोर उभा असलेला अनोळखी माणूस आपणच असलो तर? अलीकडे भल्या माणसाच्या मनातही शंका येते: मी या मुलाचा हात धरला आणि लोकांनी मलाच पोरे पळवणारा ठरवले तर? ही शंका खोटी नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच जणांना ठार मारले. ते भिक्षा मागून जगणारे, भटक्या समाजाचे निरपराध लोक होते. मुलांवरच्या प्रेमाच्या नावाखालीच हे घडले, हे विसरून चालणार नाही. ज्या समाजात प्रत्येक अनोळखी चेहरा चोराचा वाटतो, तेथे मुले सुरक्षित होत नाहीत. उलट त्यांना मदत करणारे हात मागे सरतात.

तरीही तोंड फिरवून पुढे जाणे हा मार्ग नव्हे. शहाणपणाने मदत करता येते. मुलाला उचलून कोठे नेऊ नये. त्याच्या उंचीएवढे खाली बसून शांतपणे बोलावे, आसपासच्या आणखी एक-दोघांना थांबवावे, कर्मचाऱ्याला बोलवावे आणि मूल ताब्यात जाईपर्यंत हलू नये. बाहेर रस्त्यावर असाल तर १०९८ किंवा ११२ नंबर लावावा. १९९६ साली मुंबईत सुरू झालेली १०९८ ही मुलांसाठीची सेवा आता शासनातर्फे चालवली जाते आणि तिला पैसे पडत नाहीत. अलाहाबादच्या मेळ्यात राजाराम तिवारी नावाच्या तरुणाने १९४६ साली हरवलेल्या माणसांसाठी छावणी सुरू केली आणि २०१६ साली मृत्यू येईपर्यंत हे काम सोडले नाही. लोक त्यांना 'भूले भटके' तिवारी म्हणत. प्रचंड गर्दीत कोणीतरी थांबावे लागते, एवढे ओळखून त्यांनी आयुष्यभर थांबण्याचे काम केले.

शेवटी आणखी एक. मूल सापडल्यावर आपल्याकडे पुष्कळदा पहिली पडते ती चापट. ती प्रेमापोटी, भीतीपोटी असते हे मान्य. पण मूल काय समजते? हरवलो हे सांगितले की मार बसतो. पुढच्या वेळी ते लपते. मंदिरात मुलगा सापडल्यावर मरियेने त्याला आपल्या जिवाची घालमेल सांगितली, त्याचे म्हणणे ऐकून घेतले आणि त्याला घरी नेले. आपणही आधी जवळ घ्यावे, पाणी द्यावे. कोठे चुकले ते रात्री घरी बोलता येते. हात किती घट्ट धरायचा आणि कधी सैल करायचा, हे आईबापांना दरवर्षी नव्याने ठरवावे लागते, कारण मूल दरवर्षी वाढत असते. कायम बांधून ठेवणे शक्य नाही आणि योग्यही नाही. हात सुटला तरी काय करायचे हे त्याला माहीत असावे आणि आपल्याकडे परत यायला त्याला भीती वाटू नये, इतके तरी आपण नक्की करू शकतो.

तर गर्दीतले मूल कोणाचे? प्रत्येक क्षणी ते कोणा एकाचे, नावानिशी ठरलेल्या माणसाचे असावे. आणि तो हात सुटलाच, तर त्या क्षणापुरते ते जवळ उभ्या असलेल्या प्रत्येकाचे असावे. या सुट्टीत जेथे जाल तेथे आनंदात जा. बस सुटण्यापूर्वी डोकी मोजा, आणि मोजताना आपल्या यादीत नसलेले एखादे रडके मूल जवळपास दिसले, तर बस थोडी उशिरा सुटू द्या.