गरीब कुत्र्याचे देणे

शांत स्वभावाच्या जनावराला मराठीत ‘गरीब’ म्हणतात. बीड जिल्ह्यातल्या वडवणी तालुक्यात या शब्दाचे दोन्ही अर्थ एकाच अंगणात भेटतात. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. ट्रॉलीत धान्याची पोती, भांडीकुंडी, शेळ्या, लेकरे चढतात. कुत्रेही चढले, तर ते फडावर कोपीची, म्हणजे तात्पुरत्या झोपडीची राखण करते. मागे राहिले, तर कुलूप लावलेल्या दारापुढे बसून राहते. अशा कुत्र्याला कुणी उचलून आणले, त्याची जखम बांधली, लस टोचली, तरी प्रश्न उरतोच: त्याला घर कुणी द्यायचे आणि का? ‘भूतदया म्हणून’ हे उत्तर मला अपुरे वाटते. दया ज्याच्या त्याच्या मर्जीवर असते, देणे मर्जीवर नसते. आणि हे देणे आहे.

लांडगा माणसाच्या पायाशी लोळण घेत नाही, कुत्रा घेतो, कारण हजारो वर्षे माणसाने माणसाळलेलीच पिल्ले जवळ केली. शेजारच्या अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यात, दायमाबादला 1974 साली सापडलेल्या इतिहासपूर्व काशाच्या रथात दोन बैल आहेत, हाकणारा माणूस आहे आणि त्याच्या पुढ्यात दांडीवर एक कुत्रा उभा आहे. बैलगाडीवरची ही सोबत इतकी जुनी आहे. म्हणजे कुत्र्याचा गरीबपणा आपणच घडवला, आणि त्या गरीबपणामुळेच तो रस्त्यावर आधी मार खातो. वैश्वदेवात कुत्र्यालाही घास आहे, पण तो घास उंबऱ्याबाहेर ठेवला जातो. महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वातला युधिष्ठिर त्यापुढे जातो. कुत्रा सोडून स्वर्गात ये, असे इंद्र सांगतो. भक्ताचा त्याग हे महापाप आहे, म्हणून युधिष्ठिर नकार देतो. लीळाचरित्रात पारध्यांच्या तावडीतून सुटलेला ससा चक्रधरस्वामींच्या आसऱ्याला येतो आणि स्वामी त्याला वाचवतात. दोन्हीकडे निकष एकच: जो विश्वासाने आला, त्याला टाकायचे नाही.

यावर पहिला आक्षेप रेबीजचा, आणि तो खरा आहे. लक्षणे दिसू लागल्यावर हा रोग जवळजवळ नेहमी जीवच घेतो, आणि माणसांतल्या बहुतेक रेबीजचे कारण कुत्र्याचा चावा असते. पण यातून निष्कर्ष उलटा निघतो. ज्याला धनी आहे, त्या कुत्र्याला वेळच्या वेळी लस मिळू शकते. बेवारस कुत्र्याच्या लशीची आठवण कुणी ठेवायची? म्हणून लस आणि नसबंदी हा त्या देण्याचाच भाग आहे. ते न करता गल्लीत भाकरी टाकून पुण्य मिळवणे म्हणजे आपले देणे शेजाऱ्याच्या लेकरावर ढकलणे होय. दुसरा आक्षेप असा, की जिथे माणसेच सहा महिने कोपीत राहतात, तिथे कुत्र्याच्या घराची चैन कशाला? पण हा भार टोळीवर टाकावा, असे मी म्हणत नाही. जे गावात मागे राहतात, ज्यांची शेतवस्ती आहे, गोठा आहे, त्यांच्यासाठी हे घर म्हणजे सावली, पाणी, दोन वेळची भाकरी आणि दरवर्षीची एक सुई. मग गरीब कुत्र्यालाच घर, आणि चावऱ्याला? देणे दोघांचेही आहे, पण फेड वेगळी. चावऱ्याचा बंदोबस्त पंचायतीने आणि पशुवैद्यकाने करायचा. गरिबाची सोय मात्र एखादे घरही करू शकते. आणि ‘त्याचे प्रारब्ध’ म्हणणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे, की ते कुत्रे आपल्या दारात येऊन बसले आहे, तेव्हा त्याच्या प्रारब्धात आता आपणही आहोत.

कुत्रे दहा-बारा वर्षे जगते, म्हणून पोराच्या हट्टापायी ते आणू नये. तेवढी वर्षे निभावण्याची तयारी असेल तरच आणावे. यंदा ट्रॉल्या निघून गेल्यावर गल्लीतून एक फेरी मारा. बंद दारापुढे कुणी बसलेले दिसले, तर घास टाकून पुढे जाऊ नका. त्याला आपल्या दारी आणा.