दुसऱ्यानें नेमून दिलेली प्रार्थना

दुसऱ्यानें नेमून दिलेल्या विषयासाठीं केलेली प्रार्थना खरी होय कीं नव्हे, हा प्रश्न आमच्या खेड्यांतील मंडळ्यांत वेळोवेळीं निघतो. आमचे रोमन क्याथॉलिक शेजारी दर महिन्यास पोपसाहेबांनीं ठरविलेल्या एका विषयासाठीं प्रार्थना करितात. कधीं तो विषय आजाऱ्यांचा, कधीं निर्वासितांचा, कधीं कुटुंबांचा असतो. आमच्यांतील कित्येक बंधु म्हणतात कीं, आत्मा जें सुचवील तेंच मागावें. छापील कागदावरून मागणें म्हणजे दुसऱ्याच्या भुकेनें जेवणें होय. हें बोलणें ऐकावयास बरें वाटतें, परंतु तें तपासून पाहिलें पाहिजे.

ही चाल कोठून आली तें आधीं सांगतों. इ. स. १८४४ च्या डिसेंबर महिन्याच्या ३ तारखेस फ्रान्स देशांतील व्हाल्स या गांवीं जेसुइट पंथाच्या विद्यालयांत गोत्रले नांवाच्या पाद्र्यानें तरुण विद्यार्थ्यांस बोध केला. हे तरुण दूरदेशीं मिशनकार्यास जाण्यास इतके उतावीळ झाले होते कीं, त्यांचें अभ्यासांत लक्ष लागेना. त्यांस त्यानें सांगितलें कीं, तुमचा रोजचा अभ्यास, कामधाम व कष्ट हींच सकाळीं देवाला वाहा, म्हणजे दूरच्या सेवकांस तुम्ही येथूनच साहाय्य कराल. यांतूनच पुढें मोठी प्रार्थनासंस्था निघाली. तेरावे लिओ यांनीं इ. स. १८९० पासून दर महिन्याचा विषय नेमून देण्यास आरंभ केला, इ. स. १९२९ पासून मिशनकार्याचा दुसरा विषय त्यास जोडला गेला, आणि इ. स. २०१७ पासून पुन्हां महिन्यास एकच विषय छापला जाऊं लागला.

पोपसाहेबांची सत्ता आम्ही मानीत नाहीं, आणि येशूच्या पवित्र हृदयास दिवसाचीं कर्में अर्पण करण्याची त्यांची रीत आमची नव्हे. तो वाद येथें नको. परंतु विषय नेमून प्रार्थना करणें ही केवळ रोमी चाल आहे असें कोणी म्हणेल तर तो इतिहास विसरला. इ. स. १८५८ त आमच्याच देशांत, पंजाबांतील लुधियाना येथें, अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनऱ्यांनीं जगांतील सर्व ख्रिस्ती लोकांस विनंति केली कीं, इ. स. १८६० च्या जानेवारींत एक आठवडा सर्वांनीं मिळून प्रार्थनेंत घालवावा. तो प्रार्थनासप्ताह पुढें देशोदेशीं पाळला गेला. तेव्हां उसन्या विषयानें प्रार्थना करणें आम्हांसही परकें नाहीं.

आणि आमच्या मोकळ्या प्रार्थना तरी कितीशा मोकळ्या असतात? माझ्या शेतावर पाऊस पडो, माझा बैल उठो, माझ्या पोराला नोकरी लागो, बांधाच्या खटल्याचा निकाल माझ्याकडे लागो. हें मागूं नये असें आम्ही म्हणत नाहीं. बाप लेंकराचें सगळें ऐकतो. परंतु वर्षानुवर्षें हेंच मागणारा मनुष्य आपल्या उंबऱ्याबाहेर कधीं पडतच नाहीं. दुसऱ्यानें नेमलेला विषय त्याला हात धरून बाहेर काढतो. ज्या आगीची धग आपणांस लागली नाहीं तिच्याविषयीं मागण्यास मनुष्यास शिकवावेंच लागतें. तें आपोआप येत नाहीं.

खरें भय वेगळेंच आहे. दूरच्यांसाठीं प्रार्थना करणें जवळच्यांसाठीं कांहीं करण्यापेक्षां पुष्कळ स्वस्त पडतें. याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायांतील उघडा व उपाशी बंधु वाचकांस ठाऊक आहेच. या बाबतींत क्याथॉलिक पुरुषांच्या एका संघाची गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. मायकेल मॅकगिव्हनी हा कॅनडांत पाद्रीपणाचें शिक्षण घेत असतां इ. स. १८७३ त त्याचा बाप वारला. मागें विधवा आई व लहान भावंडें. कर्ता पुरुष गेला म्हणजे मजुराचें घर कसें बसतें हें त्यानें असें जवळून पाहिलें. पुढें इ. स. १८८२ त न्यू हेवन शहरीं त्यानें 'नाइट्स ऑफ कोलंबस' हा पुरुषांचा संघ स्थापिला, तेव्हां केवळ उपासनेवर न थांबतां सभासदाच्या मागें त्याच्या विधवेस व पोरांस पैसा मिळावा अशी तरतूद केली. विम्याचें तें काम हा संघ आजही करितो. कुटुंबांसाठीं प्रार्थना करणारे पुरुष कुटुंबांसाठीं वर्गणीही भरीत, हें आम्हांस विशेष वाटतें.

आतां कठीण जागा. मंडळींत उभा राहून "हे प्रभो, आमचीं कुटुंबें राख" असें म्हणणारा गृहस्थ घरीं जाऊन बायकोच्या मजुरीचे पैसे दारूसाठीं हिसकावून घेतो. त्याची प्रार्थना ढोंग होय, ती त्यानें सोडावी, असें शेजारी म्हणतात. आम्हांस तसें वाटत नाहीं. ती सोडली तर त्याच्या तोंडून त्याच्याविरुद्ध साक्ष देणारें एकच वाक्य उरलें आहे तेंही जाईल. मात्र उपदेशकानें त्याला तेवढ्यावर सुटूं देऊं नये, "कोणाचें कुटुंब, दादा?" असें एकांतीं विचारण्याचें धैर्य त्याच्या अंगीं असावें.

आमच्या घरोघरच्या उपासनेंत विषय कोण नेमतो? बहुतेक बापच, व इतर सर्व आमेन म्हणतात. उपदेशक बंधूंनीं एक महिना हा क्रम फिरवून पाहावा: विषय बायकोनें नेमावा, किंवा घरांतील थोरल्या मुलीनें, आणि बापानें त्यासाठीं मोठ्यानें प्रार्थना करावी. ती कदाचित् सावकाराच्या कर्जाचें नांव काढील, कदाचित् शाळेंतून काढलेल्या पोरीचें. आणि जें तिला त्याच्या तोंडावर बोलतां आलें नाहीं तें त्याला गुडघे टेकून स्वतःच्या तोंडानें देवापुढें उच्चारावें लागेल.