गोकुळाष्टमी आणि डबल्स

गेल्या हिवाळ्यात इंदूरच्या एका व्याख्यानात पुण्याहून आलेल्या वक्त्यांनी आम्हाला प्रवासाचं गुपित सांगितलं. परदेशी शहर कळायचं तर संग्रहालयांच्या नादी लागू नये. सणाच्या दिवशी जावं, गाडीवर उभं राहून खावं, शहर आपोआप कळतं. टाळ्या पडल्या. त्यांनी त्याच सकाळी पोहे-जिलबी खाल्ली होती आणि त्यांना म्हणे अस्सल माळवा कळला होता. आता पोहे आमच्याच पूर्वजांबरोबर नर्मदा ओलांडून वर आले असं आम्ही देवास-धारची मराठी मंडळी मानतो. सेव आणि जिरावण त्यावर माळव्याने भुरभुरलं. म्हणजे पाहुण्यांना त्यांच्याच घरचं पातेलं फिरून वाढलं गेलं आणि त्यांनी ते ओळखलं नाही. मी मागच्या रांगेत होतो, गप्प बसलो. ते गप्प बसणं अजून खुपतं, म्हणून हा लेख.

त्यांच्या सिद्धान्ताची परीक्षा आमच्या गावात शंभर वर्षांपूर्वीच होऊन गेली आहे. परीक्षार्थी इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर. 1912 च्या डिसेंबरात ते पहिल्यांदा देवासला आले, आणि 1921 मध्ये काही महिने थोरल्या पातीच्या तिसऱ्या तुकोजीराव पवारांचे खासगी सचिव होते. देवासच्या दोन पात्या, दोन राजे, गाव एकच. ही व्यवस्था कुठल्याही बाहेरच्या माणसाची मती गुंग करायला पुरेशी. त्यात त्या वर्षीची गोकुळाष्टमी जुन्या राजवाड्यात कित्येक दिवस चालली. फॉर्स्टर तिथेच होते. मांसाहार बंद, जे सर्वांच्या पानात तेच त्यांच्या. महाराज स्वतः देवापुढे गात-नाचत होते. मातीचं गोकुळ केलेलं, ते शेवटी तळ्यात गेलं. आमच्या पुण्याच्या वक्त्यांना याहून जास्त काय हवं? सण आहे, जेवण आहे, आणि पाहुणा अगदी आतल्या चौकात.

आणि कळलं काय? पत्रांत त्यांनी तक्रार केली की याला ना रूप, ना शिस्त, ना अभिरुची. एकाच वेळी दोन-तीन बाजे वाजताहेत, मूर्ती फुलांत बुडून दिसेनाशी झाली आहे. ही पत्रं पुढे 1953 मध्ये 'द हिल ऑफ देवी'त आली. ती टेकडी म्हणजे आमची चामुंडेची टेकडी. मी विशीत ते पुस्तक वाचलं तेव्हा चिडलो होतो. ज्याच्या कानाला टाळ आणि गोंगाट यांतला फरक कळत नाही, त्याने आमच्या कृष्णजन्माला नावं ठेवावीत?

पण 1924 च्या 'अ पॅसेज टु इंडिया'चा शेवटचा भाग पुन्हा वाचला आणि माझा राग पातळ झाला. संस्थानाचं नाव मऊ ठेवलंय, पण राजवाडा आमचाच. गोडबोले नावाचा दक्षिणी ब्राह्मण तुकारामाचं नाव घेत नाचतो. भिंतीवर देव म्हणजे प्रेम असं इंग्रजीत लिहिताना दोन अक्षरं उलटी पडली आहेत. फॉर्स्टरने ती सुलटी केली नाहीत. जे कळलं नाही ते न कळलेलंच कागदावर ठेवलं, आणि कादंबरीचा शेवट त्यावर तोलला. सहा महिने गावात राहून, पंक्तीला बसून, तो 'मला देवास कळलं' असं म्हणाला नाही. वक्तेमहाशयांना एक सकाळ पुरली. (तुकोजीरावांचं पुढे काय झालं हेही सणाच्या पानात दिसत नव्हतं: खजिना रिकामा, गाव सुटलं, 1937 मध्ये पाँडिचेरीत अंत.)

इथपर्यंत लेख लिहून झाला होता आणि माझा विजय झाला होता. मग ऑगस्टात भाच्याकडे लंडनला गेलो. तो मला नॉटिंग हिलच्या कार्निव्हलला घेऊन गेला. उभे कापलेले तेलाचे पिंप, त्यांवर जर्क चिकन, धुराने डोळे चुरचुरलेले, आणि ध्वनिवर्धकांच्या भिंती इतक्या मोठ्या की छातीत बरगड्या वाजत होत्या. ना रूप, ना शिस्त, असं मनात आलं आणि स्वतःलाच हसू आलं. एका गाडीवर भाच्याने 'डबल्स' घेतले. हळदीचे दोन मऊ तळलेले तुकडे, मध्ये रस्सेदार छोले. गाडीवाली बाई त्रिनिदादची. त्या तुकड्यांना ती 'बारा' म्हणत होती. भोजपुरी बरा, आपला वडा! शेजारी दालपुरी: पुरणपोळीतला गूळ काढून जिरं घातलं तर जे होईल ते. ऊसमळ्यांसाठी मजुरांना घेऊन कलकत्त्याहून निघालेलं पहिलं जहाज 1845 मध्ये त्रिनिदादला लागलं, हे मी वाचलेलं होतं. पण ते माझ्या जिभेला कळलं त्या फुटपाथवर.

तेव्हा वक्त्यांना अर्धे गुण द्यायला हवेत. मात्र अर्धेच, कारण लंडन त्या घासात नव्हतं. ती गाडी तिथे का उभी आहे, हे बाईने सांगितलं नाही. मी विचारलंही नाही, मागे रांग होती. भाच्याला विचारलं तर म्हणाला, "मामा, मजा करा ना." मग घरी येऊन वाचत बसलो. 1958 मध्ये याच गल्ल्यांत गोऱ्या टोळक्यांनी कॅरिबियन वस्तीवर हल्ले केले. त्याला उत्तर म्हणून क्लॉडिया जोन्स या त्रिनिदादमध्ये जन्मलेल्या पत्रकार बाईंनी 1959 च्या जानेवारीत, ऐन थंडीत, सेंट पँक्रसच्या टाउन हॉलच्या छपराखाली कार्निव्हल भरवला. रस्त्यावरचा कार्निव्हल 1966 चा. तो बघायला त्या नव्हत्या. 1964 मध्येच गेल्या.

पुण्याच्या वक्त्यांनी लंडनला जरूर जावं. कार्निव्हल ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी-सोमवारी असतो, डबल्स गरम असतानाच खावेत. मंगळवारी हायगेटच्या दफनभूमीत जावं. कार्ल मार्क्सच्या डाव्या हाताला क्लॉडिया जोन्सची कबर आहे. तिथे खायला काही मिळत नाही, आणि आत जायला तिकीट पडतं.