२८ दिवसांची अमानत

परदेशी जाणे आपल्याला नवे नाही. आफ्रिका आणि आखात कोकणातल्या मुसलमानांनी केव्हाच पाहिले. पण ते पोटासाठी. आता आपली मुले-मुली शिकायला जाऊ पाहतात, याचा आम्हाला आनंद आहे. नियतीचा नव्हे, नियतेचा प्रश्न उभा राहतो तो अर्जाच्या कागदांपाशी.

ब्रिटनचा विद्यार्थी-व्हिसा घ्या. उरलेली फी आणि जास्तीत जास्त नऊ महिन्यांच्या राहण्याखाण्याचा खर्च भागेल एवढी रक्कम विद्यार्थ्याच्या किंवा आईवडिलांच्या खात्यात सलग २८ दिवस असावी लागते. मामू-चाचांचे खाते चालत नाही. मग मामू तीन लाख टाकतात, आखातातले चाचा पाच लाख पाठवतात, आणि व्हिसा हाती पडला की सगळे पैसे आले तसे परत जातात. याला आपण मदत म्हणतो. नातेवाईक नसतील तर दलाल असतो. तो टक्केवारी घेऊन महिन्यापुरती शिल्लक दाखवून देतो. बँकेचे मंजूर शैक्षणिक कर्ज असेल तर २८ दिवसांची अट लागत नाही, पण व्याज नको म्हणून ते टाळणारे घर दलालाला मात्र बिनतक्रार टक्के मोजते!

दुसऱ्याची अमानत घरात ठेवली तर आपण तिला हात लावत नाही. ती आपली आहे असेही कुणाला सांगत नाही. अर्जावर मात्र नेमके तेच सांगितले जाते.

काही जण म्हणतात, इंग्रजांनी दीडशे वर्षे लुटले, त्यांच्याशी कसला खरेपणा? पण इथे फसतो तो व्हिसाचा अधिकारी नव्हे. जानेवारीच्या थंडीत लेस्टरच्या भाड्याच्या खोलीत रिकाम्या खात्यानिशी बसलेले आपलेच पोर फसते. पदवीच्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला २० तासच काम करता येते. तेवढ्यात भागत नाही, मग ते चोरून जास्त तास राबते आणि अभ्यास मागे पडतो. पकडले गेले तर व्हिसाही जातो.

अर्थात, श्रीमंताच्या मुलाला इथे खरे बोलायला काहीच पडत नाही, हेही मान्य केले पाहिजे. सहा लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या अल्पसंख्याक कुटुंबांना परदेशी शिक्षणाच्या कर्जावर व्याज-अनुदान देणारी केंद्राची 'पढो परदेश' योजना २०२२-२३ पासून बंद झाली. बांगड्या गहाण टाकणाऱ्या आईला आणि टक्के घेणाऱ्या दलालाला एकाच मापाने मोजायला आम्ही तयार नाही.

पण चाचा जर म्हणाले, "बेटा, हे पैसे खर्च कर, नोकरी लागल्यावर पाच वर्षांत फेड," तर तो कर्ज-ए-हसना झाला. रक्कम तीच, खाते तेच. कागद मात्र खरा झाला. शादीच्या हॉलसाठी वर्गणी जमवणाऱ्या जमातींना असा निधी उभारणे जड जाऊ नये. तोवर पैसे घेण्याआधी मामूंना एवढे विचारावे: तिसऱ्या महिन्यात पोराने यातले दोनशे पौंड काढले तर चालेल का? ते गप्प राहिले, तर पैसे त्यांच्याच खात्यात असू द्यावेत आणि अर्ज पुढच्या वर्षी करावा.