घुमटाखाली बसलेला माणूस

आमच्या बडोद्यात पाहुणा आला की त्याला आर्ट्स फॅकल्टीचा घुमट दाखवायचा, हा रिवाजच. रॉबर्ट चिझम यांच्या आराखड्यावर सयाजीरावांच्या काळात उभी राहिलेली बडोदा कॉलेजची ही इमारत. 1949 मध्ये विद्यापीठ झालं, तेव्हा ती त्यात आली. असे घुमट बघायला देखणे असतात. त्यांच्याखाली बसून ऐकायची वेळ आली की गोष्ट निराळी.

उंच छत, दगड, चुना, फरशी. असल्या जागी उच्चारलेला शब्द लगेच विरत नाही. स्वर रेंगाळतात आणि मागून येणारी व्यंजनं झाकून टाकतात. तरुण कान त्यातून वाट काढतो. मशीन लावलेल्या कानाला ते अवघड, कारण मशीन भाषण मोठं करतं, घुमणं मोठं करतं आणि शेजारणीच्या बांगड्याही. लोक विचारतात, "मशीन आहे ना, मग?"

यावर उपाय आहे. वक्त्याच्या माईकमधला आवाज सभागृहाला वगळून थेट कानात द्यायचा. बैठकीभोवती तारेचं वेटोळं टाकलं की मशीनमधली टी-कॉइल तो पकडते. पण त्यासाठी जुन्या फरश्या उखडायच्या म्हटल्यावर वारसा जपणाऱ्यांच्या पोटात गोळा येतो, आणि तो यावाच. बिनतारी यंत्रणेत ही भानगड नाही. इन्फ्रारेडला उंच खिडक्यांतलं ऊन बाधतं, पण रेडिओवर चालणारा ट्रान्समीटर टेबलावर मावतो, भिंतीला खिळासुद्धा लागत नाही. तेव्हा "इमारत जुनी आहे हो" हे उत्तर आता चालायचं नाही.

खरा प्रश्न मला पुढचाच वाटतो. ही सोय म्हणजे उपकार का? धडधाकट कानांसाठी आपण माईक बसवतो, स्पीकर टांगतो, वायरी ओढतो. त्याला कोणी दया म्हणत नाही. मदत सगळेच घेतात. काहींची मदत सवयीने दिसेनाशी झाली, एवढंच. आम्हा जैनांच्या कल्पनेतलं समवसरण मला इथे आठवतं. तिथे वाणी प्रत्येक जिवाला त्याच्या त्याच्या भाषेत पोचते, पशूंनाही. पोचण्याची जबाबदारी ऐकणाऱ्यावर टाकलेली नाही. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा त्याच दिशेचा, भाषा तेवढी रुक्ष.

आणि यंत्र बसवून भागतं असंही नाही. "माझा आवाज खणखणीत आहे, मला माईक नको," म्हणणारे विद्वान आपल्याकडे कमी नाहीत. त्या क्षणी रिसीव्हर लावलेल्यांच्या कानात शुकशुकाट. श्रोत्याने जागेवरून प्रश्न विचारला की तेच. माईक नाकारणं हा साधेपणा नव्हे, बेपर्वाई आहे. हे मी तोंडावर सांगते, त्यामुळे सभांना मला हल्ली जरा बेतानेच बोलावतात.

एका जुन्या सभागृहात यंत्रणा आली, म्हणून आत्याला घेऊन गेले. रिसीव्हर कपाटात, किल्ली शिपायाकडे, शिपाई चहाला. तो आला आणि त्याने वही पुढे केली: नाव, पत्ता, कारण. रांगेतले सगळे बघत होते. आत्या निवृत्त संस्कृत शिक्षिका.

"आत्या, मी लिहू का?"

"माझे कान गेलेत, हात नाही," म्हणाली, आणि कारणाच्या रकान्यात ठळक अक्षरात लिहिलं, 'व्याख्यान ऐकणे'.