पुडीतल्या औषधाला नाव हवे

मुळशी तालुक्यात हिंजवडीचे संगणक-उद्यान आहे आणि ताम्हिणीच्या वाटेवरच्या वाड्याही आहेत. अर्धशिशी दोन्हीकडे सारखीच ठणकते. वाडीतली बाई मंत्रवलेला दोरा बांधते, त्याला आपण हसतो. हिंजवडीतला तरुण मित्राचा फवारा नाकात मारतो, त्याला मात्र कुणी काही विचारत नाही. मला ही श्रद्धाही आंधळीच वाटते.

‘नाकात मारायचं, पोटात थोडंच जातं?’ असे सांगितले जाते. जाते. नाकाच्या अस्तरातून औषध थेट रक्तात उतरते, उरलेले घशावाटे पोटात. सुमाट्रिप्टान किंवा झोल्मिट्रिप्टानचा फवारा रक्तवाहिन्या आकसवतो, आणि हृदयाच्या वाहिन्याही त्यातून सुटत नाहीत. म्हणून हृदयविकार असलेल्याला तो वर्ज्य. अर्गोटामिनची जुनी गोळीही रक्तवाहिन्या आकसवते, म्हणून दोहोंत किमान २४ तासांचे अंतर हवे. याच अर्गोटामिनवर क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक पडले, तर हातापायांचा रक्तपुरवठा धोक्यात येतो.

पण काल कुठली गोळी घेतली, हे माहीत असेल तर ना! कागदाच्या पुडीत दोन पांढऱ्या, एक अर्धी पिवळी. पट्टी कात्रीने अशी कापलेली की नाव दुकानातच राहिले. ‘नाव सांगून खेड्यातल्या माणसाला काय कळणार?’ असा युक्तिवाद शिकलेली माणसे करतात. त्याला नसेल कळत; रात्री ज्या डॉक्टरपुढे त्याला नेतील, त्याला कळेल. आपल्या शरीरात काय घातले गेले हे जाणणे हा रुग्णाचा हक्क आहे, त्यासाठी पदवी लागत नाही.

दुसरी लपवाछपवी आपण घरात करतो. नैराश्यावरच्या फ्लुऑक्सेटिन, सर्ट्रालिनसारख्या गोळ्या शरीरात सेरोटोनिनचा प्रभाव वाढवतात, फवाऱ्यातले ट्रिप्टानही त्याच वाटेवर काम करते. क्वचित दोघांमुळे कंप, घाम, ताप, गोंधळ असा गंभीर प्रकार घडतो. पण क्वचितच; अनेकांना डॉक्टर दोन्ही औषधे विचारपूर्वक देतात, तेव्हा हे वाचून कुणी आपली गोळी परस्पर बंद करू नये. औषधाला न जुमानणाऱ्या क्षयरोगावर दिले जाणारे लिनेझोलिडही याच यादीत येते. डॉक्टरला हे सारे ठाऊक असते. त्याला ठाऊक नसते ते एवढेच, की समोरची मुलगी या गोळ्या घेते. कारण सोबत आलेल्या आईने दारातच बजावलेले असते: ‘ते काही बोलू नकोस, स्थळ मोडेल.’ आजार लपवायला लावणारी अब्रू ही कसली अब्रू?

राहिला कायदा. चिठ्ठीशिवाय अशी औषधे विकू नयेत, हे १९४५ च्या नियमांत आहे. पट्टीवरची उभी लाल रेघ त्यासाठीच. पण चिठ्ठी मागणारा दुकानदार आपल्याला आडमुठा वाटतो आणि आपण शेजारच्या दुकानात जातो.