तिकडं म्हणजे कुठं?

रोहिणखेड हे बुलढाणा जिल्ह्याच्या मोताळा तालुक्यातलं, घाटाच्या पायथ्याचं जुनं गाव. 1582 साली खुदावंद खान महदवीनं बांधलेली मशीद तिथे आहे. गावानं लढायाही पाहिल्या. 1437 साली बहमनींचा सरदार खलफ हसन बसरी यानं खानदेशच्या नसीर खानाला इथे हरवलं, आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीस निजामशाहीच्या गादीवरून झालेल्या झगड्यात जमाल खान इथेच पडला. पण आपली गोष्ट त्या लढायांची नाही. ती आहे याच गावातल्या चार पोरांची आणि मोबाइलवरच्या लढाईची. पोरं कल्पनेतली आहेत. गाव आणि खेळ मात्र खरे.

चौघांची टोपणनावं सांगितली तरी पुरे. लंबू, चष्मेवाला, पैलवान आणि छोटू. खेळ बीजीएमआय. 2020 च्या सप्टेंबरात पबजीवर बंदी आली तेव्हा पोरं हिरमुसली होती. 2021 च्या जुलैत हा नव्या नावाचा अवतार आला. पुढच्या वर्षी तोही ॲपच्या दुकानातून गायब झाला आणि 2023 च्या मे महिन्यात परतला. एवढ्या येण्याजाण्यातही चौघांची टोळी फुटली नाही. अठराच्या आतल्यांना दिवसाला तीनच तास खेळता येतं, त्यामुळे शाळा, वावर आणि जेवण उरकून हे रात्री लंबूच्या ओसरीवर जमत, कारण रेंज तिथेच यायची.

हात वाईट नव्हते. पैलवानाचा नेम तर असा, की आजूबाजूच्या गावची पोरंही त्याला मानत. तरी ही टोळी हरायची, आणि दर वेळी एकाच तऱ्हेनं. गोळीबार सुरू झाला की कानात जो गलका उठायचा तो साधारण असा:

“आला, आला! तिकडं!”

“तिकडं म्हणजे कुठं बे?”

“मागं! घराच्या मागं!”

“कोणाच्या मागं? कोणत्या घराच्या?”

“अरे ते रे, मघाचं!”

तोवर छोटू नॉक होऊन गुडघ्यांवर रांगत असायचा, पैलवान नेमका उलट्या बाजूला बंदूक रोखून उभा असायचा, आणि मग अर्धा तास चूक कुणाची यावर भांडण. डावीकडे म्हणावं तर प्रत्येकाचं तोंड वेगळ्या दिशेला. लंबूची डावी बाजू ती छोटूची उजवी.

मोताळ्याला चौघाचौघांच्या संघांचे सामने होणार असं कळलं तेव्हा चष्मेवाल्यानं मनावर घेतलं. एरँगल हा त्यातला मुख्य नकाशा, आठ किलोमीटर लांब आणि आठ रुंद. त्यावरची सगळी नावं त्यानं पाठ केली. मधोमध पोचिंकी, वायव्येला बंदराचं जॉर्जोपोल, ईशान्येकडे यास्नाया पोल्याना, दक्षिणेच्या बेटावर मिलिटरी बेस. शिवाय रोझोक, सेव्हर्नी, स्टालबर, मिल्टा. मास्तरांनी नकाशा भरून घेतला असता तर त्याला पैकीच्या पैकी मिळाले असते.

आणि त्याच रात्री ते पुन्हा हरले. “स्टालबरच्या खालून दोघं येत आहेत,” असं चष्मेवाला अगदी स्वच्छ बोलला. पैलवानाला स्टालबर आणि सेव्हर्नीतला फरक ठाऊक नव्हता. लंबू “हो हो” म्हणाला आणि जागचा हलला नाही. पुढच्या डावात पोचिंकीत अडकले, तेव्हा “पोचिंकीत आहे” या माहितीचा काडीचा उपयोग झाला नाही, कारण हे चौघेही पोचिंकीतच होते. प्रश्न घराचा होता, आणि कुठल्याच घराला नाव नव्हतं. चष्मेवाला रुसला. “मी पाठ करून काय फायदा? तुम्हाला काही येतच नाही!”

त्या आठवड्यात लंबूच्या वावरात मका दाण्यावर आला होता. या दिवसांत रानडुकरं एका रात्रीत पट्टेच्या पट्टे लोळवतात, म्हणून जागल करावी लागते. लंबूच्या वडिलांनी पोरांनाही पिटाळलं. “मोबाइलवर रात्री जागताच, तर वावरात जागा.” मचाणावर सालदार नाना. हातात बॅटरी, शेजारी पत्र्याचा डबा आणि काठी.

मध्यरात्र उलटली असेल. खालच्या अंगाला मक्याची ताटं करकर मोडायला लागली. छोटूनं पहिल्यांदा ऐकलं आणि सवयीप्रमाणे बोंब ठोकली, “आले, आले! तिकडं!” लंबू विहिरीकडे पळाला, पैलवान रस्त्याकडे. चष्मेवाला मधेच उभा राहून बॅटरी आभाळात मारू लागला.

नानांनी उठून एकदाच हाक दिली. “बोरीचा धुरा! पाच-सहा!”

बस, एवढंच. नानांची हाक हवेत आहे तोवर शेजारच्या वावरातल्या मचाणावरून डबा वाजला, आणि तोही बोरीच्या धुऱ्याच्या बाजूनंच. पलीकडच्या पडीतातून तिसऱ्या माणसाची बॅटरी नेमकी त्याच जागी येऊन पडली. एकमेकांचं तोंड न दिसणाऱ्या तीन माणसांनी कळप नाल्याकडे वळवला. नाल्याकडेच का, हेही कुणी कुणाला विचारलं नाही. तिथून जंगलाची वाट आहे हे सगळ्यांना माहीत होतं. तास-दोन तासाचं नुकसान दहा-बारा ताटांवर निभावलं.

पोरं हातपाय झाडत मचाणाखाली आली. चष्मेवाल्यानं विचारलं, “नाना, तिथे बोर कुठे आहे?”

“होती कधी. तुह्या आज्याच्या वक्ती तोडली.”

“मग नाव बोरीचा धुरा कसं?”

“बोर गेली, धुरा तर हाये ना. आन् मले ठाव, शेजाऱ्याले ठाव, त्याच्या पोरायले ठाव. झालं.” नानांनी विडी पेटवली. “तू मघा काय बोंबलला रे छोट्या? तिकडं? मले तिकडं म्हंजे मचाण, ह्याले तिकडं म्हंजे हीर. कुठी, किती, एवढं सांगाचं अन् गप बसाचं. आन् नाव एकट्याले ठाव असून भागत नाही भाऊ. चौघायच्या तोंडी एकच पायजे.”

या गोष्टीचा बोध तो हाच, आणि तो नानांनी विडी संपायच्या आत सांगितला. कानात शिरायला पोरांना आणखी थोडा वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी गोठ्याच्या भिंतीवर कोळशानं पोचिंकी उतरलं. रस्ता, टेकाड, घरं, सगळं. प्रत्येक ठिकाणाला नाव द्यायचं, आणि ते चौघांनी मान्य केल्याशिवाय पक्कं नाही. दोन मजली घर झालं माडी. लांबट गोदामवजा इमारतीचं नाव पैलवानानं क्षणात ठेवलं, जिनिंग. मलकापूरच्या वाटेवर त्यानं कापसाच्या गाड्या पाहिल्या होत्या. चर्च होतं ते चर्चच राहिलं, कारण ते ओळखायला कुणालाच अडचण नव्हती. जॉर्जोपोलचे ते रंगीत कंटेनर झाले डबे. दगडांचं उघडं टेकाड, बरड. चष्मेवाल्यानं दोन-तीन भारदस्त इंग्रजी नावं पुढे केली. लंबूच्या जिभेवर ती बसेनात, म्हणून पुसली गेली.

पहिल्याच रात्री एक गडबड निघाली. टेकडीखालच्या मोकळ्या जागेला त्यांनी माळ म्हटलं होतं. गोळ्यांच्या आवाजात माडी आणि माळ सारखंच ऐकू येई, आणि छोटू भलतीकडे जाऊन मेला. माळाचं नाव बदलून मैदान केलं. तेही लांब वाटलं, म्हणून शेवटी खळं. दिशेचा अंश सांगायचा झाला तर तो मात्र इंग्रजीत, वन सिक्स्टी फाइव्ह असा. एकोणसाठ की एकोणसत्तर हे भर लढाईत उमगायला मास्तरसुद्धा थांबतील. आणखी एक नियम छोटूनंच सुचवला: जो मेला त्यानं मारणाऱ्याची जागा एकदा सांगायची आणि पुढे तोंड उघडायचं नाही. हा नियम पाळणं त्यालाच सगळ्यात जड गेलं.

ही काही रोहिणखेडच्या पोरांनी लावलेली नवी युक्ती नव्हे. काउंटर-स्ट्राइक खेळात 2001 साली आलेला डस्ट टू नावाचा नकाशा जगभर खेळला जातो. त्यावरच्या लाँग, शॉर्ट, मिड, टनेल या जागा अनोळखी खेळाडूंनाही तोंडपाठ असतात. मधल्या एका खोक्याला एक्सबॉक्स म्हणतात, आणि भिंतीवर पक्ष्याचं चित्र होतं त्या कोपऱ्याला गूज. यातली कितीतरी नावं खेळणाऱ्यांनीच पाडली आणि तीच पुढे रूढ झाली. खेळ बनवणाऱ्यानं घातलेलं नाव मोठं की खेळाडूंनी पाडलेलं, हा वाद मला फिजूल वाटतो. गोळी सुटायच्या आत सोबत्याला कळतं ते नाव कामाचं.

मोताळ्याच्या सामन्यात शेवटचं वर्तुळ पोचिंकीवरच आलं. पैलवान लवकर बाद झाला. टोळीतला सगळ्यात चांगला नेमबाज गेला म्हणजे एरवी तिथेच खेळ खल्लास. पण जाताजाता तो म्हणाला, “जिनिंग, वरची खिडकी, दोन,” आणि गप्प बसला. लंबूनं मागून बॉम्ब टाकला, छोटू खळ्यातून वळसा घालून आला, चष्मेवाल्यानं माडीवरून दार धरून ठेवलं. खिडकीतले दोघेही गेले. बघणाऱ्यांतल्या एकानं विचारलं, “जिनिंग कुठे आहे बे या मॅपमध्ये?” कुणी उत्तर दिलं नाही.

त्यांचा तिसरा नंबर आला. पहिल्या दोन संघांचे हात खरोखरच यांच्याहून सरस होते, आणि नावं ठरवून नेम सुधारत नाही हेही खरं.

बक्षिसाचे पैसे आले त्यातून नानांना नवी बॅटरी घेतली. पुढच्या सामन्यात नकाशा निघाला मिरामार, वाळवंटाचा. त्यावर चौघांचं एकही नाव ठरलेलं नव्हतं. पहिल्याच चकमकीत छोटू ओरडला, “तिकडं!” आणि संघ सगळ्यांत आधी बाद झाला.